बुलेटला भोकं पाडू नका

जुन्या बुलेटचा आवाज भरदार असावा, ही हौस मला मुळीच गैर वाटत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सायलेन्सरवर कोणी लिहायला घेतलं की तो खिडकीतून पोरांवर ओरडणारा पेन्शनर असणार, असं लोक धरूनच चालतात. पेन्शनर मी आहेच. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. पण माझ्या दारातही बुलेट उभी आहे: कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. तिचा आवाज मला आवडतो, आणि शेजाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, एवढंच मला आज सांगायचं आहे.

कोल्हापुरात सध्या घरोघरच्या जुन्या बुलेट गोठ्यातून, पडवीतून बाहेर निघताहेत. आजोबांनी घेतलेली, काकांनी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. पोरं शिवाजी उद्यमनगरात नेऊन इंजिन खोलतात, टाकी रंगवतात, क्रोम करून घेतात. पैसा घालतात, प्रेमही लावतात. आणि गाडी सुरू झाली की पहिली फर्माईश ठरलेली: ‘सर, गाडीला बेसच नाही ओ. जाळी काढू काय?’

जाळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली भोकं असलेली नळी आणि पडदे. ती उपटायची नसेल, तर बाजारात तयार माल आहेच. पंजाब, इंदोरी, गोल्डस्टार, शॉर्ट बॉटल अशी नावं आहेत. नावं बरीच, पण बहुतेकांच्या पोटात काहीच नसतं. गिऱ्हाईक ‘बेस’ मागतं आणि दुकानदार त्याला पोकळ नळकांडं देतो.

त्या बुलेटचा आवाज येतो कुठून, ते आधी बघू. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी हातमिळवणी करून १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि ३५० बुलेटचं ते जुनं इंजिन फार थोड्या फरकानं २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिलं. एकच सिलिंडर, ३४६ सीसी. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा जास्त उंची चालतो. त्याला जोडलेली फ्लायव्हील जड, त्यामुळे इंजिन अगदी सावकाश फिरलं तरी बंद पडत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मिनिटाला सातशे फेऱ्यांवर गाडी उभी असेल तर सेकंदाला सहाच्या आत ठोके पडतात, आणि ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात. हीच ती डुगडुग. तीन हजार फेऱ्यांवर तेच ठोके सेकंदाला पंचवीस होतात आणि एकमेकांत मिसळून जातात. ठेका इंजिनाच्या बांधणीत आहे. सायलेन्सर बदलून तो येत नाही आणि जातही नाही.

अमेरिकेतल्या हार्ली-डेव्हिडसननं आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून १९९४ मध्ये अर्ज केला होता. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, प्रकरण रेंगाळलं, आणि २००० मध्ये हार्लीनं अर्ज मागे घेतला. तसं इंजिन बांधणाऱ्या कोणाचाही आवाज त्याच जातीचा निघणार, त्याला हक्काचं कुंपण कसं घालणार? आपली पोरं मात्र तोच आवाज नळकांड्यात भरून विकत मिळेल या आशेवर आहेत.

मग सायलेन्सर करतो काय? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा गरम वायू झटक्यात बाहेर सुटतो. त्या झटक्यात सगळेच स्वर असतात, खालचा खर्ज आणि वरची कर्कश तडतड. चांगला सायलेन्सर तडतड खातो. भोकांची नळी, पडदे, मधले कप्पे यांत आवाजाच्या लाटा आपटतात, परततात, एकमेकींना मारतात. ग्लासवूल भरलेली असेल तर ती बारीक स्वर शोषते आणि खर्ज बराचसा सोडून देते. म्हणजे जो ‘बेस’ पोरांना हवा आहे, तो सायलेन्सर शाबूत असल्यामुळेच ऐकू येतो. जाळी काढली की खर्ज थोडा वाढतो आणि तडतड बेसुमार वाढते. माणसाचा कान दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून आपल्याला ऐकू येते ती तडतडच. डग्ग्यावर काठी हाणली म्हणून घुमारा वाढत नाही, पुडी फाटते.

आता गाडीचं काय होतं ते. मोकळ्या नळीतून वायू वेगळ्या रीतीनं बाहेर पडतो आणि कार्बोरेटरचं जेट कंपनीच्या सायलेन्सरला जुळवलेलं असतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, बेंड पाइप निळा पडायला लागतो. थ्रॉटल सोडला की गाडी बॅक मारते. मग मेकॅनिक मोठं जेट टाकतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. एवढं करून ताकद किती वाढली? मूळची अठराच्या आसपास हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन साडेसहास एक, व्हॉल्व्ह लहान. गळा तिथे आवळलेला आहे, शेपटी मोकळी करून काय होणार? ‘बॅक प्रेशर गेलं म्हणून पिकअप गेलं’ असं गॅरेजवाले सांगतात. तेही अर्धवटच. खरा खेळ पाइपच्या लांबीचा आणि त्यातून परत येणाऱ्या लाटेच्या वेळेचा असतो. पण त्या वादात आत्ता शिरत नाही, नाहीतर माझा तास सुरू व्हायचा.

टू-स्ट्रोकवाल्यांना मात्र दोन वाक्यं सांगितलीच पाहिजेत. आरएक्स १०० चा सायलेन्सर म्हणजे निम्मं इंजिनच. त्या पोटात उलटी फिरणारी लाट सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. तो कापला, ठोकला की गाडी फक्त ओरडते, पळत नाही.

सायलेन्सर सोडूनही ठेका ‘जुना’ करायचे प्रकार आहेत. स्लो इतका खाली लावतात की अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो. रील छान निघते, पण त्या गतीला ऑइल पंप वर हेडपर्यंत पुरेसं ऑइल पोचवत नाही. दुसरे कोणी टायमिंग मागे ओढतात. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला जाळ पुरता संपलेला नसतो, म्हणून आवाज भारी येतो आणि व्हॉल्व्ह भाजतो. तिसरे चालत्या गाडीचं इग्निशन बंद करून पुन्हा चालू करतात. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साठतं आणि फटाका फुटतो. सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या कडेनं असे फटाके फोडत जाणाऱ्याला मी मेकॅनिकल ज्ञान शिकवत नाही. त्याला वेगळं काहीतरी शिकवायला हवं.

जुन्या गाडीचा आवाज खरोखर सुधारता येतो, आणि तेही कायद्यात राहून. आधी सायलेन्सर हलवून बघावा. आत खुळखुळ वाजलं तर पडदा सुटला आहे. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साठतं आणि तो आतून गंजतो; आवाज पत्र्यासारखा चिरका होतो. तिथे कंपनीच्या मापाचा, लांब, आतून भरलेला नवा सायलेन्सर लावला की तो आवाज बसतो. बेंड पाइप हेडला जिथे मिळतो तिथे गळती असेल तर फुसफुस येते, तीही बंद करून घ्यावी. मग टॅपेट. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. पॉइंट साफ, टायमिंग जागेवर, एअर फिल्टर धुळीनं बुजलेला नको. एवढं केलं की वरची खडखड जाते आणि तिच्याखाली दबलेला ठोका मोकळा ऐकू येतो. माझ्याकडे आलेली कित्येक पोरं इथवर आली की जाळीचं नाव काढत नाहीत. काही काढतातच, आणि ती मग दुसऱ्या गॅरेजला जातात.

आता वाद. पहिला: ‘आवाज आला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो.’ सायलेन्सरचं तोंड मागे असतं. घात येतो समोरून आणि आडव्या रस्त्यावरून, तोही काचा लावून एसीत बसलेल्या ड्रायव्हरच्या हातून. गाडीला हॉर्न दिलेला आहे आणि हेडलाइटही दिलेला आहे. ज्याला जिवाची काळजी आहे, त्यानं आधी हेल्मेट घालावं. दणदणाट करत जाणाऱ्या किती डोक्यांवर ते असतं, हे रंकाळ्यावर संध्याकाळी कोणीही उभं राहून बघावं.

दुसरा वाद मला निरुत्तर करायला येतो: ‘डॉल्बी चालतीया की रात्रभर, आमच्या गाडीनंच काय घोडं मारलंय?’ यात तथ्य आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींपुढे बुलेट म्हणजे काहीच नाही, आणि त्या भिंतींमागे वजनदार माणसं असतात म्हणून पोलिसांचा हात तिथे आखडतो. पण मिरवणूक वर्षातून काही दिवस येते, गाडी रोज. आणि एकानं गावाची झोप मोडली म्हणून दुसऱ्यालाही तो हक्क मिळतो, हे गणित मला जमत नाही.

झोपेचं सांगायला हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ही ठरावीक वेळेची सरासरी. रात्री दोनला गल्लीतून एक गाडी गेली तर ती सरासरी फारशी हलत नाही, पण गल्लीतलं प्रत्येक तान्हं पोर आणि प्रत्येक म्हातारं माणूस जागं होतं. शिवाय खर्ज भिंतीतून, बंद खिडकीतून तडतडीपेक्षा जास्त आत येतो. त्यामुळे चांगला, भरदार आवाजसुद्धा रात्री गल्लीत हळूच न्यावा लागतो. थ्रॉटल हातातच असतो.

कायदा काय म्हणतो? १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना २००३ पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. डेसिबलचं मोजमाप फसवं असतं. दहा वाढले की आवाजातली ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचं मानक मोडणारी गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. शिक्षा पुरेशी कडक आहे. पण ते कलम बोट दाखवतं चालवणाऱ्याकडे आणि चालवू देणाऱ्याकडे. पोकळ नळकांडं राजरोस टांगून विकणारा आणि ते वेल्ड करून देणारा, दोघंही त्या वाक्यात नाहीत.

म्हणून शहराशहरांतून रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो छापून येतात, तेव्हा मला समाधान वाटत नाही. तोच माल आठवड्याच्या आत दुकानात पुन्हा लटकतो. पकडतात तेही बऱ्याचदा कानाच्या अंदाजानं, त्यामुळे धड कंपनीचा सायलेन्सर असलेल्या जुन्या गाडीवाल्यालाही चौकात हुज्जत घालावी लागते. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी आरटीओत जाते त्या दिवशी तिला मूळचा सायलेन्सर असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंजाब. आणि पीयूसी केंद्रावर नळी घालून धूर मोजतात, आवाज कोणी मोजत नाही. खरं तर उभ्या गाडीचा आवाज मोजायची रीत मानकांत दिलेली आहे: सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरायचा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनाही ते जमेल.

तेव्हा परिवहन खात्याकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पीयूसीच्या तपासणीत आवाजाची मोजणी घाला आणि आकडा त्याच कागदावर छापून द्या, म्हणजे जुनी गाडी नीट राखणाऱ्यालाही चौकात दाखवायला पुरावा मिळेल. आणि रस्त्यावर चालवायला मनाई असलेला सायलेन्सर विकणं आणि बसवून देणं हाच गुन्हा करा. रोडरोलर न्यायचाच असेल तर तो दुकानाच्या दारात न्या.