विलंब म्हणजे असत्य नव्हे

वाचकहो, एखादी स्त्री आपल्यावर झालेल्या अत्याचाराची तक्रार काही महिन्यांनी वा काही वर्षांनी घेऊन उभी राहिली की, 'इतके दिवस ही कोठे होती?' असा सवाल चावडीवर होतो, वकिलाच्या ओसरीवर होतो आणि, दुःखाने लिहावे लागते, आपल्या वस्तीतही होतो. २०१८ च्या ऑक्टोबरात 'मी टू' चळवळीने या देशात तोंड उघडले, तेव्हा हाच सवाल मोठमोठ्या विद्वानांनी केला. सवाल करणे हे पाप नव्हे. ऐकीव म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, असे खुद्द भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. परंतु सवाल करून जो उत्तरासाठी थांबत नाही, तो चिकित्सा करीत नसतो. त्याने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो.

म्हणून आपण उत्तर शोधू, आणि ते आपल्या जालना जिल्ह्यातच शोधू. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून घेतलेली, घर म्हणजे फडाजवळची कोपी, पहाटेच्या अंधारात तोड आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे. अशा ठिकाणी मुकादमाने वा गाडीवाल्याने हात धरला तर त्या बाईने जावे कोठे? मुलूख परका, पोलीस ठाणे कोसभर दूर आणि उचल फिटल्याविना सुटका नाही. ती बोलली तर नवऱ्याचे काम जाते. अंगावरचे कर्ज मात्र जात नाही. हंगाम संपून ती गावी परतते आणि मग कोठे आईजवळ तोंड उघडते. या सहा महिन्यांना लबाडी म्हणावयाचे की वेठबिगारी?

आता कायद्याकडे पाहा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. त्याप्रमाणे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. समितीने लेखी कारण नमूद केले तर आणखी तीन महिने मिळतात. कचेरीत बसणाऱ्या बाईला ही मुदत कदाचित पुरेल. परंतु हंगामाच्या आरंभी जिच्यावर प्रसंग आला, ती पाडव्याच्या सुमारास घरी पोहोचते तेव्हा पहिली मुदत उलटलेली असते आणि दुसरी संपत आलेली असते. मुदत सर्वांना सारखी, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नाही.

'लगेच तक्रार केली असती तर विश्वास ठेवला असता,' असे काही सज्जन म्हणतात. त्यांना आम्ही देसाईगंजची आठवण देतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिचे नाव आम्ही बुद्ध्याच छापीत नाही. तिने महिने दवडले नाहीत, वर्षे दवडली नाहीत. ती त्याच रात्री बोलली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोन पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार नाही, असा तर्क तेथे चालला. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कोठे १९८३ साली कायदा बदलला. जी त्याच रात्री बोलली तिला 'जखमा कोठे आहेत?' आणि जी पुढे बोलली तिला 'इतके दिवस कोठे होतीस?' सवाल बदलतो. अविश्वास तोच राहतो.

तथापि दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवणार नाही. काळ लोटला की पुरावा विरतो, साक्षीदार पांगतात, आणि निरपराध माणसाला आपले निरपराधित्व सिद्ध करणे कठीण होते. आरोप म्हणजे गुन्हाशाबिती नव्हे. अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी २००८ च्या प्रसंगाबद्दल २०१८ साली पोलिसांत फिर्याद दिली. नाना पाटेकर यांनी आरोप नाकारला. २०१९ साली पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. आणि २०२५ साली मुंबईच्या न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून दखल घेण्याचे नाकारले. यावरून आरोपी दोषी ठरला नाही, आणि फिर्याद खोटीही ठरली नाही. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे होते' या दोन वाक्यांतील अंतर २०१३ चा कायदाही मानतो: केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदार स्त्रीवर कारवाई करता येत नाही. बलात्काराच्या गुन्ह्याला तर मुदतच नाही. आणि कुटुंबाच्या अब्रूच्या भीतीने होणारा विलंब समजून घेतला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरमीत सिंग खटल्यात १९९६ सालीच सांगितले आहे.

हे अंतर आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नसावी. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आपण फिर्याद दिली की 'खोटी केस' हे शब्द आपल्याच कानावर येतात. मार्च २०१८ मध्ये याच संशयापोटी फिर्यादीपूर्वी चौकशीची अट घातली गेली. २ एप्रिलला देश बंद झाला, संसदेने त्याच वर्षी ती अट दूर केली, आणि २०१९ साली न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. जो संशय आपल्या समाजाला लागू झाला तेव्हा आपण अन्याय म्हटला, तोच संशय आपल्या बहिणीला लागू करताना आपण त्यास शहाणपण कसे म्हणावे?

म्हणून जालना जिल्ह्यातील प्रत्येक विहाराला आणि तरुण मंडळाला आमचे सांगणे आहे. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला आधी ऐका. तारीख, जागा, साक्षीदार लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. कोल्हापूरच्या फडातील गुन्ह्याची फिर्याद मंठ्यात घ्यावीच लागेल. तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसिलीत विचारा आणि विहाराच्या फळ्यावर लिहा. 'आपसांत मिटवा' म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा. आणि आरोपी आपल्याच चळवळीतला असेल, तर 'समाजाची बदनामी होईल' हे वाक्य कोणी उच्चारू नये. बदनामी अत्याचाराने होते, फिर्यादीने नव्हे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप सांगितले. १९५१ साली हिंदू कोड बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्या वस्तीत एखादी स्त्री उशिरा बोलली, तर तिच्या विलंबाचा हिशेब मागण्यापूर्वी वाचकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ती लवकर बोलू शकली असती असे एक तरी दार आपण उघडे ठेवले होते काय?