वलणी आणि यंत्र

आषाढ लागला की मुंबईतील लहान लहान घरांतून ओल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या शहरात २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हवाच बाष्पाने इतकी भरलेली असते की कपड्यांतील पाण्याला जावयास जागा उरत नाही. मग दारामागे, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली बांधलेल्या दोरीवर, जेथे सापडेल तेथे कपडे लोंबू लागतात. दमट गणवेश अंगात चढवून शाळेला जाणे कोणत्या मुलाच्या वाट्याला आले नसेल? पूर्वी घरात तान्हे मूल असले म्हणजे शेगडीवर टोपले पालथे घालून त्याची दुपटी वाळवीत; आणि त्या शेगडीपाशी बसून राहणे हे आजीचे किंवा आईचे काम असे.

या अडचणीवर तोड म्हणून काही घरांतून आता एकाच पिंपात कपडे धुणारे आणि वाळविणारे यंत्र दिसते. कपडे वाळविणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रातील दमट हवा नळीवाटे घराबाहेर सोडावी लागते. या यंत्राला तशी नळी नसते. भिंतीला भोक पाडावे लागत नाही. तापविलेली हवा ओल्या कपड्यांतून फिरते व त्यांतील पाणी बाष्परूपाने उचलते. ती हवा आतल्या आत थंड केली की बाष्पाचे पुन्हा पाणी होते व ते मोरीत निघून जाते. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु या यंत्राबरोबर नांदावयाचे तर त्याचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. जे यंत्र ८ किलो कपडे धुते, ते बहुधा ५ किलोच वाळवू शकते. लोभाने पिंप गच्च भरले, तर कपडे दमट आणि चुरगळलेले बाहेर येतात. धुण्यापासून वाळेपर्यंत पाच-सहा तासही जातात व तोवर दुसरे धुणे खोळंबून राहते. कपड्यांची लव आत साचते, ती न कंटाळता काढावी लागते. शिवाय विजेचा खर्च आहेच. पिळून काढलेल्या ५ किलो सुती कपड्यांतही अडीच-तीन लिटर पाणी उरते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज लागते. तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या यंत्रांना वीज पुष्कळ कमी पुरते, पण त्यांची किंमत भारी असते. काही यंत्रे तर बाष्प थंड करण्यासाठी नळाचे पाणीही घेतात. कपडे कोरडे करावयास पाणी लागावे, ही गंमतच म्हणावयाची!

असे असूनही, घरात तान्हे मूल वा आजारी माणूस असेल, आई-वडील दोघेही कामावर जात असतील, तर श्रावणातल्या झडीत हे यंत्र चैनीची वस्तू ठरत नाही. खोलीतच कपडे वाळत घातल्याने भिंतींना बुरशी धरते आणि ती श्वासाला बाधते. ओल्या कपड्यांची उस्तवार बहुतेक घरांतून एकट्या बाईच्याच माथी असते; तिचे ते ओझे हलके होत असेल, तर विजेचे चार पैसे जास्त गेले म्हणून कुरकुर करणे बरे नव्हे.

मात्र पाऊस सरल्यावर काय? मार्गशीर्षातले कोरडे वारे वाहत असताना, सज्जात ऊन पडत असताना बटण दाबून कपडे वाळवावेत, याला कारण दिसत नाही. सूर्य ते काम फुकट करतो आणि वर कपड्यांतील जंतूही मारतो. खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळ नव्या इमारतींतून सज्जात कपडे वाळत घालण्यास मनाई असते. इमारतीची शोभा जाते म्हणे! धुतलेल्या धोतराने किंवा परकराने कोणती शोभा जाते, हे त्या नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. अशा घरातील गृहिणीने यंत्र घेतले, तर तो दोष तिचा नव्हे. घर बांधताना ज्यांनी वलणीला दोन हात जागा ठेवली नाही, त्यांचा आहे. त्या इमारतींवर चांगली ऐसपैस गच्ची असते. तिच्यावर दिवसभर ऊन असते आणि दाराला कुलूप.