उंची कमी, पण पाय चपळ!

मित्रमैत्रिणींनो, नेसरीहून एका नववीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती वर्गात सगळ्यांत जोरात धावते, पण उंचीनं लहान. ‘कॉलेजात गेल्यावर मला बास्केटबॉलच्या संघात घेतील का? सगळे म्हणतात, तो उंच मुलींचा खेळ!’ प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार १६७४ साली जिथं शत्रूवर तुटून पडले, त्या गावातून वेगाबद्दल प्रश्न आला, म्हणून मला फार आवडला.

रिंग ३.०५ मीटर उंच असते. तिथं उंचीचा फायदा होतो, हे खरंच. पण चेंडू रिंगपर्यंत न्यायचा कुणी? मैदान २८ मीटर लांब. ८ सेकंदांत चेंडू आपल्या अर्ध्यातून पलीकडं गेला पाहिजे आणि समोर हात पसरून उभी असते प्रतिस्पर्धी मुलगी. हे काम गार्डचं. गार्ड बहुधा संघातली सगळ्यांत बुटकी असते. चेंडू जमिनीलगत खेळवणं तिला सोपं जातं ना!

एके काळी मुलींच्या खेळात अशा गार्डला जागाच नव्हती. १८९१ मध्ये अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला. लगेच पुढच्या वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. पण मुलींना फार दम लागू नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग सोडायचा नाही, टप्पे तीनच मारायचे. नियम हळूहळू सैल झाले, तरी कॉलेजच्या मुलींना पूर्ण मैदान मोकळं व्हायला १९७१ साल उजाडलं!

त्यानंतरच्या पिढीतली डॉन स्टॅली. उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे तिथल्या मैदानावर लहानच. फिलाडेल्फियात मुलांबरोबर खेळून ती तयार झाली. १९९१ मध्ये तिचं व्हर्जिनिया विद्यापीठ अंतिम सामना हरलं, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. पुढं ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं!

मग नुसतं पळता आलं की झालं? छे! नवी वेगवान गार्ड बहुतेक वेळा स्वतःच्याच वेगानं फसते. चेंडू मागं राहतो, नाहीतर तो हातात धरून जास्त पावलं पडतात. कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी आठवा. ती सारखी पळत नाही. रेंगाळते, हुलकावणी देते आणि एकदम झेपावते. गार्डचंही तसंच. म्हणून आधी थांबायला शीक. पळत ये, दोन्ही पायांवर थांब, पुन्हा सूट. मग डाव्या हातानं टप्पे. मग मान वर ठेवून, चेंडूकडं न बघता. समोर मैत्रिणीनं बोटं दाखवायची, तू आकडा ओरडायचा. हा सराव कंटाळवाणा आहे, आधीच सांगते.

संघात घेतील का, ते तुझे क्रीडाशिक्षक ठरवतील. पण कॉलेजच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन सामने आणि तिथून शिवाजी विद्यापीठाचा संघ, अशी वाट आहे. आपल्या पुण्याची शिरीन लिमये तर भारताची कर्णधार झाली.

आणि आईबाबा, चेंडू आणाल तो ६ नंबरचा आणा. ७ नंबरचा पुरुषांचा. तो मुलींच्या हातात नीट बसत नाही.