मन लागतं का, सिस्टर?

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीच्या इस्पितळात एक छापील फॉर्म वाटला. ‘कामात तुमचं मन लागतं का?’ पुढं १ ते ५ आकडे, वर नावाचा रकाना. नाव सक्तीचं.

मित्रांनो, ही बाई कंत्राटी नर्स. ११ महिन्यांची ऑर्डर, मग घरी बसायचं, मग नवी ऑर्डर, साहेबांच्या मर्जीत असली तर. रात्रपाळीला ४० रोगी आणि ही एकटी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या इस्पितळात ५ रोग्यांमागे १ नर्स. हातात १४ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर केंद्राच्या समितीनं म्हटलं, ५० खाटांखालच्या खासगी इस्पितळातही २० हजारांच्या खाली पगार नको. २०० खाटांवर तर सरकारी नर्सइतका. हिच्या इस्पितळात खाटा ३००. समितीचा कागद राज्यांकडे गेला, हिच्या पगारापर्यंत आला नाही.

मी गोदीत माल उचलतो. आमचं मन कुणी विचारत नाही, गोणी मोजतात. एका अर्थी बरंच आहे ते. नर्सचं मात्र मन पायजे त्यांना. १२ मेला गुलाबाचं फूल, सेवा, त्याग, फोटो. आणि पगार काढला की लगेच, ‘सिस्टर, तुमच्यात सेवाभाव उरला नाही.’ दुसऱ्याचा गू-मूत, रक्त, पू काढणाऱ्या हाताला या देशात काय भाव मिळतो, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मन बघायचंय? केईएमकडं बघा. नोव्हेंबर १९७३मध्ये अरुणा शानबाग या नर्सवर इस्पितळाच्या तळघरात हल्ला झाला. ती तिथं कपडे बदलायला गेली होती. मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या, सुरक्षितता मागितली. आणि त्याच केईएमच्या नर्सेसनी, जुन्या निवृत्त झाल्या तशा नव्यांनी, १८ मे २०१५ला ती जाईपर्यंत तिला सांभाळलं. महापालिका तिला हलवायला निघाली तेव्हा आडव्या उभ्या राहिल्या. कुठल्या साहेबानं हे फॉर्म भरून घडवलं? त्यांचं मन एकमेकींत होतं. आणि आडवं उभं राहिलं तरी उद्याची हजेरी लागणार, एवढी नोकरी त्यांच्या पायाखाली होती.

माझ्या बहिणीला वरच्या मजल्यावरची नर्स नावानं माहीत नाही. दर ११ महिन्यांनी चेहरे बदलतात. युनियनचं नाव काढलं त्या दोघींची पुढची ऑर्डर आलीच नाही.

मी म्हटलं, फॉर्मवर खरं लिही. ती हसली. सगळीकडं ५वर खूण केली आणि देऊन आली. ऑर्डर संपायला ९ दिवस उरले होते.