बंदुकीचा हक्क आणि आद्याक्षरांचे कुंपण

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक मागणी हळूहळू प्रतिष्ठित होऊ लागली आहे. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना सुलभपणे मिळावा, ही ती मागणी. ती करणाऱ्यांत जमिनीचे व्यवहार करणारे आहेत, भंगाराचे आणि मजूरपुरवठ्याचे ठेकेदार आहेत, पुढाऱ्यांचे निकटवर्ती आहेत. आणि खंडणीने खरोखरच गांजलेले लहान कारखानदारही आहेत. या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु या मागणीच्या समर्थनासाठी जी भाषा वापरली जाते, तिची चिकित्सा आपण केलीच पाहिजे. ऐकणाऱ्याला माहिती देण्यापेक्षा त्याला गप्प बसविणे, हेच या भाषेचे काम होऊन बसले आहे.

ही भाषा आद्याक्षरांची आहे. 'एनपीबी' म्हणजे सर्वसामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या, प्रतिबंधित नसलेल्या बोअरचे शस्त्र; .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा बारा बोअरची बंदूक या वर्गात मोडते. 'पीबी' म्हणजे प्रतिबंधित बोअर. नऊ मिलिमीटरचे लष्करी पिस्तूल त्यात येते. 'यूआयएन' हा प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा क्रमांक, आणि 'एनडाल' हा त्या क्रमांकांचा राष्ट्रीय साठा. 'आरकेबीए' म्हणजे शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क. ही पाच अक्षरे थेट अमेरिकेतून आली आहेत. 'नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया' या संघटनेची आद्याक्षरे देवनागरीत लिहिली तर 'नागरी' असा शब्द तयार होतो! बंदुकीचा पुरस्कार आणि नागरी जीवन यांची अशी सांगड केवळ आद्याक्षरेच घालू शकतात.

या परिभाषेचा डाव साधा आहे. एखाद्याने विचारावे की, गजबजलेल्या कामगारवस्तीत आणखी पिस्तुले कशाला हवीत? त्यावर उत्तर येत नाही, उलटा प्रश्न येतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक काय? मॅगझीन आणि क्लिप एकच का? स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित यांतील भेद ठाऊक आहे का? विचारणारा क्षणभर अडखळतो आणि चर्चा तेथेच संपते. ज्याला यंत्राचे अवयव ठाऊक नाहीत त्याला त्या यंत्राच्या परिणामांविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो मान्य करायचा तर धूर सोसणाऱ्याने धुराड्याचा नकाशा पाठ केल्याशिवाय तक्रार करू नये, आणि ज्याची बोटे प्रेसखाली गेली त्याने आधी प्रेसचे यंत्रशास्त्र सांगावे, असेच म्हणावे लागेल.

अमेरिकेत ही कला पूर्णत्वाला गेली आहे. 'एआर-१५' या बंदुकीतील 'एआर' ही अक्षरे 'आर्मालाइट' या कंपनीच्या नावावरून आलेली आहेत; 'असॉल्ट रायफल' असा त्यांचा अर्थ नाही. हे खरे आहे, आणि ते न जाणणाऱ्याची तेथे यथेच्छ टवाळी होते. त्याच बंदुकीला उद्योगाच्या संघटनेने 'आधुनिक क्रीडा रायफल' असे सोज्ज्वळ नाव प्रचारात आणले. परंतु १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन गावच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे ज्या बंदुकीने मारली गेली ती याच जातीची होती. आद्याक्षरांचा उलगडा बरोबर केला म्हणून त्या २० मुलांच्या संख्येत एकानेही घट होत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे लक्षात घेतला पाहिजे. परिभाषा ही स्वभावतः लबाडी नव्हे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम व्याख्यांवरच उभे आहेत. बोअर कोणते यावर माणसाची शिक्षा ठरते. नेमबाजी हा खेळ आहे आणि त्यातील खेळाडूंना आपल्या साधनांची अचूक नावे हवीतच. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. जो कार्यकर्ता चुकीचे शब्द वापरतो तो प्रतिपक्षाच्या हाती आयते कोलीत देतो, हेही खरे. म्हणून परिभाषेला भिऊ नये आणि तिची हेटाळणीही करू नये. प्रश्न एवढाच विचारावा की, हा शब्द दार उघडतो आहे की बंद करतो आहे?

या पट्ट्यातील कामगाराला हा फरक चांगला कळतो. कायम कामगाराच्या जागी 'प्रशिक्षणार्थी' आणि वेतनाच्या जागी 'विद्यावेतन' हे शब्द आले, तेव्हा काम तेच राहिले, हक्क मात्र गेले. २०१३ साली 'नीम' नावाची योजना आली. नावातच कडुनिंब असलेली ती गोळी चाकणच्या हजारो तरुणांनी गिळली. योजना पुढे गुंडाळली गेली, परंतु लघुरूपाच्या आड माणसाची मजुरी कशी लपवता येते, हा धडा मागे राहिला. कामगार संघटनांनी अशा शब्दांना दिलेले उत्तर अज्ञानाचे नव्हते. त्यांनी महागाई भत्त्याचा निर्देशांक आणि कामाच्या वेळमोजणीचे तक्ते शिकून घेतले, ते साध्या मराठीत सभासदांना समजावून सांगितले, आणि मगच वाटाघाटीला बसल्या. बंदुकीच्या प्रश्नावरही हाच मार्ग आहे.

शब्दांखालोखाल इतिहासाचा आधार घेतला जातो. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला, त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही झाला. नेमस्तांपासून जहालांपर्यंत सर्वांनी शस्त्र कायद्याला विरोध केला, आणि गांधीजींनीही त्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या, त्यांचीही आठवण या संदर्भात करून दिली जाते. परंतु त्या विरोधाचे मर्म काय होते? युरोपियनाला मोकळीक आणि हिंदी माणसाला बंदी, हा वर्णभेद त्या कायद्याच्या मुळाशी होता. परकी सत्तेने नि:शस्त्र केलेल्या जनतेचे ते गाऱ्हाणे होते. ते उचलून जमिनीच्या दलालाच्या कमरेला बांधणे हा इतिहासाचा उपयोग नसून अपहार आहे.

शिवाय स्वतंत्र भारताने हा प्रश्न डोळसपणे सोडवलेला आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. त्याचा आधार घेऊन हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुरुस्ती मांडली. कामत पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांची बाजू आपण आदराने वाचली पाहिजे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. शस्त्राचा हक्क सरसकट प्रत्येक व्यक्तीला बहाल करता येणार नाही, त्यावर राज्याचे नियंत्रण असलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती, आणि घटना समितीने दुरुस्ती फेटाळली. म्हणून भारतात शस्त्र हा मूलभूत हक्क नाही. तो कायद्याने अटींवर दिलेला परवाना आहे. 'आरकेबीए' ही पाच अक्षरे कितीही वेळा उच्चारली तरी घटनेत ती उमटणार नाहीत.

आता परवाना प्रत्यक्षात कोणाला मिळतो ते पाहू. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चाकण, तळेगाव, देहूरोड हे भागही त्याच्याच कक्षेत येतात, आणि परवान्याचा अधिकार आयुक्तांकडे आहे. अर्ज, चौकशी, प्रशिक्षण, आणि मग शस्त्राची किंमत. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. रात्रपाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने खोलीकडे जाणाऱ्या कंत्राटी कामगार स्त्रीच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीचा हा आकडा आहे. तिच्या भीतीचे नाव शस्त्राला द्यायचे आणि शस्त्र मात्र तिला भिवविणाऱ्याच्याच हाती पडेल अशी व्यवस्था ठेवायची, याला संरक्षण म्हणत नाहीत.

परवानाधारक बंदूक कोणावर रोखली जाते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादातून शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची २०२३ सालची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने पाहिली. त्या प्रकरणी एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नीला अटक झाली आणि परवाना रद्द करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच गोळीबार केल्याबद्दल सत्ताधारी आघाडीतील एका आमदाराला अटक झाली. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्याचे पुण्यातील प्रकरण २०२५ साली गाजले. आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. परवान्याची बंदूक जर निव्वळ सज्जनाचे स्वसंरक्षण असेल, तर मतदानाच्या काळात तिची धास्ती शासनाला का वाटावी?

यावर बंदूकवाले म्हणतात की, गुन्हेगार परवाना काढत नाहीत. मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे तर सर्रास मिळतात. हे म्हणणे खरे आहे आणि गंभीर आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष निघतो तो कट्ट्यांची वाहतूक आणि त्यामागचे राजकीय संरक्षण मोडण्याचा. समोरच्या इमारतीत आणखी एक पिस्तूल ठेवण्याचा नव्हे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा एका व्यक्तीला ३ ऐवजी १ च शस्त्र ठेवता यावे, असा मूळ प्रस्ताव होता. त्याविरुद्ध ओरड झाली आणि आकडा २ वर आला. ज्याच्या घरी एकही बंदूक नाही अशा कोट्यवधी लोकांचा त्या वाटाघाटीत आवाज कोठे होता? तेथे परिभाषा जाणणारे बोलत होते आणि उरलेले ऐकतही नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

या पट्ट्यात बंदुकीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती आपल्या वर्गाची आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथील काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असतात, म्हणजे 'किर्की फॅक्टरी'. खडकी आणि देहूरोड येथील कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी दारूगोळा बनवला. बंदुकीविषयी या भागात कोणाला अधिकाराने बोलता येत असेल तर ते या कामगारांना. कारण स्फोटकांचा धोका त्यांनी हातांनी पेलला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांच्या कारखान्यांचे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून सात कंपन्या करण्यात आल्या. 'ओएफबी' गेले आणि 'एमआयएल' आले. या बदलाविरुद्ध संपाची हाक देणाऱ्या संरक्षण कामगारांवर त्याच वर्षी वर्षभराच्या मुदतीचा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा लादून संप गुन्हा ठरवण्यात आला. काडतूस बनवणाऱ्याचा संपाचा हक्क काढून घ्यायचा आणि काडतूस विकत घेणाऱ्याच्या हक्काची मात्र चर्चा करायची, असा हा काळ आहे. यातील पहिल्या हक्काला लघुरूप नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

मग भयग्रस्त माणसाला आपण काय सांगणार? 'बंदूक घेऊ नका' एवढेच सांगून भागणार नाही. चाकणचा लहान कारखानदार खंडणीच्या दूरध्वनीने हादरतो, तेव्हा त्याची तक्रार त्याच दिवशी नोंदवली जाईल आणि तक्रारदाराचे नाव फुटणार नाही, याची हमी मिळाली पाहिजे. माथाडीच्या नावाने लुबाडणाऱ्या टोळ्यांविरुद्ध खऱ्या माथाडी संघटनांनीच पुढे आले पाहिजे. हमालांच्या घामाने मिळवलेला कायदा गुंडांना वापरू देणे हा त्या चळवळीचा अपमान आहे. औद्योगिक वसाहतीतील रस्त्यांवर दिवे, रात्रपाळीच्या स्त्रियांना घरापर्यंत वाहन, ठेकेदारांची उघड नोंदणी आणि वस्तीत पोलीस चौकी, या मागण्या नीरस वाटतील. परंतु त्या प्रत्येकाला पुरतात. पिस्तूल मात्र एकालाच पुरते, आणि शेजाऱ्याला पुरून उरते.

कार्यकर्त्यांनी सभांतून आणि प्रभागांच्या बैठकांतून या प्रश्नावर बोलावे, आणि बोलण्यापूर्वी अभ्यास करावा. पुढे कोणी आद्याक्षरे फेकली तर गोंधळून न जाता तीन प्रश्न विचारावेत. या अक्षरांचा मराठीत अर्थ काय? या नियमातील सवलतीचा लाभ प्रत्यक्षात कोणाला होणार? आणि नळीचे तोंड कोणाकडे असणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञ देतील आणि ते त्यांच्याकडून आपण शिकून घेऊ. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यास मात्र चाकणच्या फाट्यावर रोजंदारीसाठी उभा असलेला मजूर पुरेसा तज्ज्ञ आहे. त्याला बोलते करणे हे आपले काम आहे.