विश्लेषण : चेंबरची खोली मोजायला माणूस आत कशाला?

नव्या इमारतीची ड्रेनेज लाइन जुन्या वाहिनीला जोडायची असो वा सतत तुंबणारी लाइन बदलायची असो, काम एकाच प्रश्नापासून सुरू होते : चेंबरमधला पाइप किती खोल आहे? याचे उत्तर काढताना दोन चुका होतात. माप चुकते, किंवा ‘दोन मिनिटांत मोजून ये’ म्हणत कुणाला तरी खाली उतरवले जाते. दुसरी चूक जीव घेऊ शकते, आणि तिची काहीही गरज नसते.

खोली नेमकी कशाची?

झाकणाच्या चौकटीपासून पाइपच्या आतल्या तळापर्यंतचे उभे अंतर म्हणजे इन्व्हर्टची खोली. टेपला वजन बांधून सोडली, तर ते गाळावर टेकते आणि माप कमी भरते. शिवाय पाइपचे तोंड बाजूच्या भिंतीत असते. तिथवर टेप तिरकी ताणली, की माप जास्त भरते.

चार-सहा सेंटीमीटरने काय बिघडते?

सांडपाणी उतारावर वाहते आणि हा उतार फार थोडा असतो. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या तांत्रिक संस्थेच्या मार्गदर्शिकेत २०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला किमान उतार २५० मीटरला १ मीटर सांगितला आहे. म्हणजे ३० मीटरवरच्या पुढच्या चेंबरपर्यंत पाइप उतरतो अवघा १२ सेंटीमीटर. एका चेंबरला ६ सेंटीमीटरची चूक आणि दुसऱ्याला उलट बाजूने तेवढीच, की नवा पाइप सपाट पडलाच म्हणून समजा. मग मैला जागीच साचतो, लाइन तुंबते आणि ती मोकळी करायला पुन्हा माणूसच शोधला जातो.

मग मोजायचे कसे?

यासाठी फार महागडे यंत्र लागत नाही. मापाच्या खुणा असलेला लांब दांडा आणि त्याच्या खालच्या टोकाला काटकोनात बसवलेला आडवा पाय, एवढेच साधन. दांडा वरून सोडायचा, पाय पाइपच्या तोंडात सरकवून तळाला टेकवायचा आणि चौकटीवर आडवी पट्टी ठेवून माप वाचायचे. दांडा सरळ उभा आहे की नाही, हे पाणसळ लावून कळते. गाळ असला तरी थोडे दाबून हलवले, की खालचा कठीण तळ हाताला जाणवतो. पाय पाइपच्या वरच्या कडेला आतून लावला, तर व्यासही मिळतो. फक्त पायाची जाडी हिशेबात धरायला विसरू नये. लेझर मीटर सुटसुटीत खरा, पण साचलेल्या पाण्यावर तो दगा देतो.

एवढ्याने भागत नाही. रस्ता सपाट नसतो, म्हणून प्रत्येक झाकणाची पातळी लेव्हल मशीन आणि स्टाफने बेंचमार्कशी जोडावी लागते. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, झाकणे उचलली जातात, तरी जुन्या नकाशातली खोली तशीच वापरली जाते. हा आळस आहे, दुसरे काही नाही.

कायदा काय म्हणतो?

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा गटारांच्या धोकादायक सफाईला मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. ‘आम्ही सफाई करत नव्हतो, फक्त मोजत होतो’ ही सबब मात्र हायड्रोजन सल्फाइडला कळत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मारतो. ‘वास येत नाही, उतर’ हा सल्ला म्हणूनच घातक. वरून मोजतानाही झाकण उघडून हवा खेळू द्यावी, जवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

महापालिकांच्या निविदांत आणि सोसायट्यांच्या कामाच्या पत्रात ‘सर्व मोजमाप वरूनच, आडव्या पायाच्या दांड्याने’ ही अट स्पष्ट लिहिली जावी आणि प्रत्येक चेंबरच्या मापाचा फोटो बिलासोबत मागितला जावा. फोटो नसेल, तर त्या मापाचे पैसे देऊ नयेत.