पैसे निघाले, पोंचले कीं नाहीं?

रोख पैशाच्या व्यवहारांत एक मोठें सुख असतें. नोट देणाऱ्याच्या हातून सुटते त्याच क्षणीं ती घेणाऱ्याच्या हातीं पडते. मध्यें तिसरी अवस्था नसते. मोबाइलवरून पैसे देण्याच्या हल्लींच्या पद्धतींत मात्र अशी तिसरी अवस्था निर्माण झाली आहे. आपल्या खात्यांतून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो, दुकानदाराच्या यंत्रांतून कांहीं आवाज निघत नाहीं, आणि दोघेहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. घरीं बसून एखादें पुस्तक वा औषध मागवावें, तर पडद्यावर चक्र फिरत राहतें आणि अखेर व्यवहार अयशस्वी झाल्याचीं अक्षरें उमटतात. अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, याचा शांतपणें विचार सुशिक्षित घरांतहि क्वचितच झालेला आढळतो. म्हणून या महिन्यांत हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

भोकरदन तालुक्यांतील आमचें पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध आहे. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी मिरची घेऊन येतात व जातांना खत, बियाणें, किराणा घेऊन परततात. गर्दीच्या वेळीं मोबाइलची रेंज दगा देते, आणि मग गल्ल्यापाशीं ठरलेला वाद सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणतें, “माझे पैसे कापले गेले.” दुकानदार म्हणतो, “मला आले नाहींत.” ऐकणाऱ्यास वाटतें, दोघांपैकीं एक खोटें बोलत असावा. वस्तुतः पुष्कळदां दोघेहि खरेंच बोलत असतात.

हें कसें घडतें तें समजून घेतलें पाहिजे. यूपीआय ही पद्धत २०१६ सालीं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेनें सुरू केली. आपण पिन दाबला म्हणजे आपली बँक रक्कम वजा करते. कॉर्पोरेशनचें यंत्र निरोप्याप्रमाणें मध्यें उभें असतें. त्याच्या मार्फत दुकानदाराच्या बँकेस सूचना जाते. ती बँक रक्कम जमा करते आणि तसा उलट निरोप येतो. ऑनलाइन दुकानांत तर दुकान व बँक यांच्यामध्यें देयकें घेणारी आणखी एक कंपनी असते. हीं सारीं माणसें हातांत हात धरून उभीं राहिल्यासारखीं असतात. एकाचा हात सुटला कीं निरोप तेथेंच अडकतो. रक्कम वजा होऊन गेलेली असते. पुढच्याला मात्र त्याची वार्ता नसते.

न्यायशास्त्रांत अयथार्थ ज्ञानाचे संशय, विपर्यय व तर्क असे तीन प्रकार सांगितले आहेत. अंधुक उजेडांत दूरचा खुंट पाहून ‘हा खुंट कीं माणूस?’ असें वाटणें हा संशय; खुंटासच माणूस समजून त्यास हाक मारणें हा विपर्यय. अडकलेलें पेमेंट ही निव्वळ संशयाची स्थिति होय. ‘पैसे बुडाले’ असें मानणारा आणि ‘पैसे गेलेच नाहींत’ असें समजून पुन्हां बटन दाबणारा, हे दोघेहि विपर्ययांत पडतात; आणि नुकसान बहुधा तेथेंच होतें. संशय हा त्रासदायक असला तरी त्यास मुदत आहे, आणि ती मुदत रिझर्व्ह बँकेनें आंखून दिलेली आहे.

प्रथम आपला प्रसंग कोणत्या जातीचा आहे तें ओळखावें. यासाठीं संदेशावर विसंबूं नये. बँकेचें अॅप वा पासबुक उघडून खात्यांतील शिल्लक पाहावी.

रक्कम वजा झालेलीच नसेल, तर चिंतेचें कारण नाहीं. अडथळा कोठें आहे तो शोधावा. पिन चुकणें, शिल्लक अपुरी असणें, दिवसाची मर्यादा ओलांडणें, कार्डाची मुदत संपणें, ओटीपी उशिरां येणें, हीं नेहमींचीं कारणें होत. एक कारण मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधील आदेशानुसार नव्या कार्डाची ऑनलाइन खरेदीची सोय आरंभीं बंद ठेवलेली असते; खातेदारानें ती बँकेच्या अॅपमधून वा शाखेंतून स्वतः चालू करून घ्यावी लागते. नवें कार्ड एटीएमवर चालतें आणि ऑनलाइन दुकानांत चालत नाहीं, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. क्वचित् दोष सर्व देशभर असतो. २६ मार्च व १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशीं यूपीआयची यंत्रणा ठिकठिकाणीं अडखळली होती. अशा वेळीं आपला मोबाइल कितीहि वेळां बंद-चालू केला तरी उपयोग नसतो.

रक्कम वजा झाली, परंतु दुकानास पोंचली नाहीं, हा दुसरा प्रसंग. याविषयीं रिझर्व्ह बँकेचें २० सप्टेंबर २०१९ चें परिपत्रक प्रत्येक घरांत माहीत असावें. यूपीआयनें व्यक्तीच्या खात्यांत पाठविलेली रक्कम तेथें जमा होऊं शकली नाहीं, तर ती फार तर दुसऱ्या दिवशीं आपोआप परत आली पाहिजे. दुकानास यूपीआयनें दिलेले किंवा ऑनलाइन खरेदींत कार्डानें दिलेले पैसे वजा होऊन दुकानास त्याची खात्री मिळाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत ते परत यावयास हवेत. मुदत टळल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई आहे, आणि ती खातेदाराच्या तक्रारीची वाट न पाहतां द्यावयाची आहे. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. हा आपला हक्क आहे.

तिसरा प्रसंग असा, कीं रक्कम दुकानास पोंचली, परंतु मागणी नोंदली गेली नाहीं. येथें बँकेशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. पैसे दुकानाकडे आहेत; वस्तु तरी द्यावी किंवा पैसे तरी परत करावे, असें दुकानालाच लिहून विचारावें.

या सर्वांत उपयोगी पडणारी वस्तु म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारास बारा अंकी क्रमांक असतो. तो, तारीख, वेळ व रक्कम हीं चार टांचणें हातीं असलीं म्हणजे तक्रारीस पाय फुटतात. बहुतेक अॅपांत त्या व्यवहारावर बोट ठेवून तक्रार नोंदवितां येते. न जमल्यास बँकेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेलें उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते. त्यासंबंधीं माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

आतां काय करूं नये तें सांगतों. घाईनें त्याच वस्तूचे पैसे दुसऱ्यांदां देऊं नयेत. औषधासारखी निकड असेल तर रोख रक्कम द्यावी, आणि अडकलेल्या व्यवहाराचा क्रमांक बिलावर लिहून दुकानदाराची सही घ्यावी. मागाहून ते पैसे त्यास पोंचले तर हिशेब सरळ होतो. दुकानदारानेंहि गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा हा पुरावा समजूं नये. यश दाखविणारीं बनावट अॅपें निघालीं आहेत. आपल्या खात्यांत जमा झालें तेंच खरें.

सर्वांत मोठा धोका मात्र यापुढेंच असतो. पैसे अडकले कीं माणूस गडबडतो, इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो, आणि नेमका ठगाच्या हातीं सांपडतो. तो गोड बोलून पैसे परत देण्याच्या मिषानें पिन वा ओटीपी मागतो. पैसे घेण्यासाठीं पिन कधींहि लागत नाहीं, हें वाक्य घरांतील लहानथोरांनीं पाठ करावें. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीस आणखी एक बाजू असते. आजोबांचें पेन्शन एका खात्यांत, अॅप नातवाच्या मोबाइलवर, आणि खरेदी सूनबाईंच्या हातीं. एकाचें पेमेंट अडकलें कीं दुसरा आपल्या मोबाइलवरून प्रयत्न करतो, तिसरा कार्ड काढतो. संध्याकाळीं पाहावें तों एकाच वस्तूचे पैसे तीनदां गेलेले. मग “तूं कशाला दाबलेंस?” येथून बोलण्यास आरंभ होतो. याहून वाईट गोष्ट अशी, कीं वडीलधाऱ्या माणसांस हंशाची वा बोलण्याची भीति वाटते. तीं झालेली चूक मनांत ठेवतात आणि एकटींच अनोळखी क्रमांकाशीं बोलत बसतात. ठग नेमक्या अशाच माणसांच्या शोधांत असतात. आजी वा आजोबांनीं “माझ्याकडून कांहीं तरी दाबलें गेलें” असें सांगतांच मुलांनीं कपाळास हात लावूं नये. शांतपणें शेजारीं बसून खातें उघडावें. तेवढ्या एका सौजन्यानें घरची पुंजी वांचते.

यासाठीं आमची सूचना साधी आहे. देवघराजवळ वा दुधाच्या हिशेबाच्या वहींतच एक पान यास द्यावें. अडकलेल्या प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, कोणास दिली, क्रमांक, आणि परत येण्याचा शेवटचा दिवस तेथें लिहावा. तो दिवस येईपर्यंत त्या पैशांसाठीं कोणीं बटन दाबूं नये. तो टळला तर दुसऱ्याच दिवशीं बँकेस पत्र जावें.

आपल्या देशांत टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली. पाठविणाऱ्यास घेणाऱ्याच्या सहीची पोच यावयास कित्येक दिवस लागत. तोंवर पोस्टाची पावती पेटींत जपून ठेवली जाई, आणि पोच आली नाहीं म्हणून दुसऱ्या दिवशीं कोणी दुसरी मनीऑर्डर करीत नसे. पैसे आतां निमिषांत जातात. पावती जपणें आणि पोचेची वाट पाहणें हे दोन जुने गुण मात्र आपणांस अजूनहि लागणारच आहेत.